जंतूंची जंगम मालमत्ता

कोर्टकचेरीच्या कागदांत ‘स्थावर व जंगम मालमत्ता’ हे शब्द आपण पुष्कळदां वाचतों. घर, शेत, विहीर ही स्थावर मालमत्ता. ती जेथल्या तेथें राहते आणि बापाकडून मुलाकडे वारसाहक्कानें जाते. दागदागिने, भांडींकुंडीं, गुरेंढोरें ही जंगम मालमत्ता. ती उचलून वाटेल त्याला देतां येते, उसनी मागतां येते आणि प्रसंगीं चोरीसही जाते. प्रस्तुत लेखांत ज्या मालमत्तेचें वर्णन करावयाचें आहे ती नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रोगजंतूंची आहे. जंतूंजवळही स्थावर व जंगम अशी दोन प्रकारची मिळकत असते. आणि त्यांच्या जंगम मिळकतीचा आपल्या जीविताशीं किती निकटचा संबंध आहे, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना समजेल अशा रीतीनें सांगण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

हा विषय सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. गेल्या पावसाळ्यांत माझ्या वर्गांतील एक मुलगा विषमज्वरानें, म्हणजे टायफॉइडनें, अंथरुणास खिळला. पहिलें औषध दिलें, ताप उतरला नाहीं. दुसरें दिलें, तरी गुण नाहीं. शेवटीं त्याचें रक्त घेऊन त्यांतील जंतु प्रयोगशाळेंत वाढविले आणि ते कोणत्या औषधानें मरतात हें पाहिलें. तेव्हां कोठें तिसरें औषध लागू पडून मुलगा वांचला. मी समाचारास गेलों असतां त्याच्या आईनें मला विचारलें, “सर, ह्याच्या वडिलांना लहानपणीं हाच ताप आला होता, आणि तो ह्या पहिल्याच औषधानें उतरला होता. मग ह्यालाच गुण कां नाहीं? औषध बनावट तर नव्हतें ना?” त्या वेळीं मला दोन वाक्यांत उत्तर देतां आलें नाहीं. हा लेख म्हणजे त्या माउलीच्या प्रश्नाचें उत्तर होय. औषध बनावट नव्हतें. वडिलांच्या वेळचा जंतु आणि मुलाच्या वेळचा जंतु ह्यांत अंतर पडलें होतें. तें कसें पडतें, हीच आपली कथा.

जंतूचें घर व त्याची वतनदारी

जंतु म्हणजे एकाच पेशीचा जीव. तो इतका लहान कीं, आंतड्यांत राहणारे साधे जंतु एकापुढें एक असे ओळींत मांडले, तर एका मिलिमीटरच्या लांबींत सुमारें ५०० मावतील. ह्या इवल्याशा पेशींत डी.एन.ए. नांवाच्या द्रव्याचा एक लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. बहुतेक जंतूंत ह्या धाग्याचीं दोन्ही टोकें जुळून त्याचें कडें झालेलें असतें. ह्यास गुणसूत्र म्हणतात. जंतूनें काय खावें, कवच कसें विणावें, कसें वाढावें, ह्याबद्दलच्या सर्व सूचना ह्या धाग्यावर ओळीनें लिहिलेल्या असतात. अशा एकेका सूचनेस जनुक असें नांव आहे.

जंतूची वाढ होते ती एकाचे दोन, दोनाचे चार अशी. अन्न व ऊब भरपूर मिळाल्यास कांहीं जंतु दर वीस मिनिटांनीं दुप्पट होतात. रात्रीं दहा वाजतां एक जंतु असेल, तर ह्या हिशेबानें सकाळीं सहा वाजतां १,६७,७७,२१६ जंतु होतील. विद्यार्थ्यांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा. प्रत्येक विभागणीच्या वेळीं गुणसूत्राची नक्कल होऊन एकेक प्रत दोन्ही लेंकरांस मिळते. ही झाली जंतूची स्थावर मालमत्ता. ती पिढ्यान्‌पिढ्या सरळ रेषेंत खालीं उतरते. नक्कल करतांना क्वचित् एखादें अक्षर चुकतें आणि त्या चुकीमुळें एखाद्या जंतूस नवा गुण प्राप्त होतो. परंतु अशा उपयुक्त चुका फार विरळा.

ह्या मोठ्या कड्याखेरीज पुष्कळ जंतूंच्या पेशींत डी.एन.ए.चीं आणखी लहान लहान कडीं असतात. त्यांवर थोडींच जनुकें असतात, आणि तीं कडीं आपली नक्कल स्वतंत्रपणें करून घेतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग ह्यांनीं १९५२ सालीं त्यांना ‘प्लाझ्मिड’ असें नांव दिलें. प्लाझ्मिड ही जंतूची जंगम मालमत्ता. ती मुलांस मिळतेच, परंतु शेजाऱ्यासही देतां येते. आणि आश्चर्य असें कीं, तो शेजारी निराळ्या जातीचा असला तरी चालतो.

मेलेल्याकडून जिवंताला वारसा

जंतु परक्याची मालमत्ता घेऊं शकतात, ह्याचा पहिला पुरावा लंडन येथें फ्रेडरिक ग्रिफिथ ह्यांना मिळाला. त्यांनीं तो १९२८ सालीं प्रसिद्ध केला. ते फुप्फुसदाहाच्या, म्हणजे न्यूमोनियाच्या, जंतूंवर प्रयोग करीत होते. ह्या जंतूंचे त्यांच्याजवळ दोन प्रकार होते. एकाभोंवतीं गुळगुळीत कवच असे व तो उंदरांस टोंचला असतां उंदीर मरत. दुसऱ्याचें कवच नाहींसें झालेलें असे. तो टोंचला तरी उंदीर खुशाल राहत. ग्रिफिथनीं कवचवाले जंतु उष्णतेनें मारले व तीं प्रेतें उंदरांस टोंचलीं. उंदरांस कांहीं झालें नाहीं. मग त्यांनीं मेलेले कवचवाले व जिवंत बिनकवची असे दोन्ही एकत्र करून टोंचले. दोघेही आपापल्या परीनें निरुपद्रवी; म्हणून उंदीर जगावयास हवे होते. पण ते मेले! आणि त्यांच्या रक्तांत जिवंत, कवचवाले जंतु सांपडले. मेलेल्यांची कवच विणण्याची विद्या जिवंतांनीं उचलली होती.

ही विद्या कोणत्या द्रव्यांत सांठविलेली असते, ह्याचा छडा न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत ॲव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी ह्या तिघांनीं १९४४ सालीं लावला. तें द्रव्य म्हणजे डी.एन.ए. वंशविद्येच्या इतिहासांतील हा एक मोठा टप्पा होय. ग्रिफिथना मात्र तो पाहावयास मिळाला नाहीं. १९४१ सालीं लंडनवरील बाँबहल्ल्यांत त्यांचा अंत झाला होता.

देवघेवीचे तीन मार्ग

ग्रिफिथना दिसला तो देवघेवीचा पहिला मार्ग. जंतु मरून फुटला म्हणजे त्याचें डी.एन.ए. बाहेर सांडतें, आणि दुसरा जंतु त्याचा तुकडा आंत ओढून घेतो. ओसाड पडलेल्या वाड्याचीं दारें-खिडक्या काढून कोणी आपल्या घरास बसवाव्या, तशांतला हा प्रकार.

दुसरा मार्ग हातांत हात देण्याचा. १९४६ सालीं लेडरबर्ग व टेटम ह्यांनीं असें दाखविलें कीं, दोन जिवंत जंतु एकमेकांस चिकटून जनुकांची देवघेव करतात. देणारा जंतु केसासारखी एक बारीक नळी पुढें करून शेजाऱ्यास जवळ ओढतो आणि प्लाझ्मिडची एक प्रत त्याच्या पेशींत उतरवितो. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. मनुष्यानें दागिना दिला कीं तो त्याच्याजवळ उरत नाहीं; जंतु मात्र नक्कल देतो व मूळ प्रत आपणापाशीं ठेवतो. दिव्यानें दिवा लावावा तसें हें देणें आहे. घेणाऱ्यास देण्याची हातोटीही त्याच प्लाझ्मिडबरोबर मिळते, म्हणून घेणारा लागलाच दाता होतो.

तिसरा मार्ग परक्या टपालवाल्याचा. जंतूंनाही रोग होतात. त्यांच्यावर जगणारे विषाणु असतात व त्यांस फेज म्हणतात. एका जंतूंतून बाहेर पडतांना फेज कधीं कधीं चुकून त्या जंतूचीं जनुकें आपल्या पेटींत भरून घेतो आणि दुसऱ्या जंतूस नेऊन पोंचवितो. ही गोष्ट १९५२ सालीं झिंडर व लेडरबर्ग ह्यांनीं उजेडांत आणली. शिवाय कित्येक फेज स्वतःच्याच सामानांत भयंकर विषाचें जनुक बाळगून असतात. घटसर्प हा लहान मुलांचा काळ समजला जाणारा रोग घ्या. त्या जंतूचें विष जंतूच्या स्वतःच्या मालकीचें नसून त्यांत शिरलेल्या फेजचें असतें. फेज शिरल्यानें निरुपद्रवी जंतु विषारी होतो, हें फ्रीमन ह्यांनीं १९५१ सालीं दाखविलें.

ह्या तिन्ही मार्गांस साह्य करणारी आणखी एक चीज आहे, ती म्हणजे उड्या मारणारीं जनुकें. मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांचा अभ्यास करतां करतां बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या विदुषीस असें आढळलें कीं, वंशसूत्राचे कांहीं तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. त्यांचें म्हणणें त्या काळीं बहुतेकांस पटलें नाहीं. पुढें १९७४ च्या सुमारास तसेच तुकडे जंतूंत सांपडले आणि १९८३ सालीं मॅक्लिंटॉकबाईंना नोबेल पारितोषिक मिळालें. हे तुकडे गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर व प्लाझ्मिडवरून गुणसूत्रावर जातात. म्हणजे स्थावराचें जंगम व जंगमाचें स्थावर करण्याची सोय जंतूंच्या राज्यांत आहे!

जपानमधील आंव

आतां ह्या देवघेवीचा मनुष्यावर काय परिणाम होतो तें पाहूं. रक्ती आंवेचा जंतु जपानी वैद्य कियोशी शिगा ह्यांनीं १८९७ सालीं शोधून काढला. त्यांच्याच नांवावरून त्यास शिगेला म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानांत ह्या रोगावर प्रथम सल्फा औषधें दिलीं जात. तीं चालेनाशीं झालीं, तेव्हां स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल हीं नवीं औषधें आलीं. परंतु १९५५ नंतर असे जंतु आढळूं लागले कीं, त्यांवर ह्या चारही औषधांपैकीं एकाचाही इलाज चालेना.

ह्यांत चमत्कारिक काय, असें कोणी विचारील. त्यासाठीं थोडें गणित करूं. समजा, एका औषधास न जुमानणारी चूक एक कोटि जंतूंत एकाला साधते. मग दोन औषधांच्या दोन चुका एकाच जंतूस साधण्याचा संभव कोटि गुणिले कोटींत एक. आणि चारही साधण्याचा संभव एकावर अठ्ठावीस शून्यें मांडून होणाऱ्या संख्येंत एक. अशी गोष्ट घडणारच नाहीं म्हटलें तरी चालेल. पण ती वारंवार घडत होती. आणखी असें दिसलें कीं, एकाच रोग्याच्या पोटांत चारही औषधांना दाद न देणारा व चारही औषधांनीं मरणारा, असे एकाच जातीचे दोन्ही जंतु नांदतात. एकच औषध दिलेल्या रोग्याच्या पोटांतही चौघांना पुरून उरणारा जंतु दिसे. आणि त्या रोग्याच्या आंतड्यांतील एरवीं निरुपद्रवी असणारा ई. कोलाय हा जंतुही त्याच चार औषधांना जुमानीत नाहीं.

ह्यावरून ओचिआई व अकिबा ह्यांच्या मनांत एक कल्पना आली. त्यांनीं औषधांना न जुमानणारे ई. कोलाय व औषधांनीं मरणारे शिगेला एकाच नळींत कांहीं वेळ एकत्र ठेवले. शिगेलाही चारही औषधांना दाद देईनासे झाले. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांनीं कोडें उलगडलें. चारही जनुकें एकाच प्लाझ्मिडवर एका शेजारीं एक बसलेलीं होतीं, आणि तें कडें हातोहात फिरत होतें. चार स्वतंत्र चोऱ्या करण्याऐवजीं चारही किल्ल्यांचा जुडगाच हातीं आला होता! वातानाबे ह्यांनीं १९६३ सालीं हा सर्व वृत्तान्त इंग्रजींत लिहिला, तेव्हां पाश्चात्य वैद्यांचे डोळे उघडले.

हीं जनुकें मुळांत आलीं कोठून? तीं मनुष्यानें घडविलेलीं नाहींत. स्ट्रेप्टोमायसिनसारखीं औषधें मातींतील जंतूंपासूनच मिळालेलीं आहेत. जो जंतु शत्रूस मारण्यासाठीं विष तयार करतो, त्यास त्या विषापासून आपला बचावही करावा लागतो. कोणी विषाचे तुकडे करतो, कोणी तें पंपानें पाणी उपसावें तसें बाहेर फेंकतो, कोणी विषाचा घाव जेथें बसावयाचा ती जागाच बदलतो. कॅनडांतील यूकॉन प्रांतांत ३०,००० वर्षें गोठून राहिलेल्या मातींतही अशीं जनुकें सांपडल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. हत्यार फार जुनें आहे. तें घरोघर पोंचलें तें मात्र आपण औषधांचा पाऊस पाडल्यानंतर.

पटकीचें विष कोणाचें?

पटकीनें आपल्या देशांत जो अनर्थ केला तो वृद्ध माणसांच्या तोंडून विद्यार्थ्यांनीं ऐकला असेल. रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८३ सालीं इजिप्तमध्यें व १८८४ सालीं कलकत्त्यास ह्या रोगाचा स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु ओळखला. परंतु तो मनुष्यास मारतो कसा, हें पुढें पाऊणशें वर्षें समजलें नव्हतें. १९५९ सालीं कलकत्त्याचे शंभुनाथ डे ह्यांनीं दाखविलें कीं, जंतु गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेंही सशाच्या आंतड्यांत पटकीसारखें पाणी सुटतें. अर्थात् मारणारी वस्तु ती जंतूनें बाहेर टाकलेलें विष होय. हें विष आंतड्याच्या पेशींस असें फसवितें कीं, त्या शरीरांतील क्षार व पाणी सारखें बाहेर ओततात. कडक रोगांत तासास लिटरभर पाणीसुद्धां जातें.

१९९६ सालीं वाल्डोर व मेकालानोस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पुढचें रहस्य उकललें. हें विष तयार करणारें जनुक एका धाग्यासारख्या फेजच्या सामानांत असतें. फेज शिरलेला नसेल तर तोच जंतु सहसा पटकी उत्पन्न करूं शकत नाहीं. आणि फेज आंत शिरतो कोणत्या दारानें? आंतड्यास चिकटून राहण्यासाठीं जंतूनें जे बारीक तंतु काढलेले असतात त्यांच्याच आधारानें. म्हणून त्यांना असें आढळलें कीं, प्रयोगशाळेंतील नळीपेक्षां उंदराच्या आंतड्यांतच ही देवघेव जास्त जोरानें चालते. ज्या घरांत जंतु पाहुणा म्हणून उतरला, तेथेंच त्याच्या हातीं सुरी येते!

१९९२ सालच्या अखेरीस मद्रास येथें पटकीचा एक नवा जंतु उद्भवला व लवकरच बंगालपर्यंत पसरला. त्याच्याजवळ एक मोठा जंगम तुकडा होता. तो एरवीं गुणसूत्रांत जाऊन स्थावरासारखा बसतो. वेळ आली कीं बाहेर पडून शेजाऱ्याकडे जातो. त्यावर स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आदि औषधांना निष्फळ करणारीं जनुकें होतीं. हा तुकडा ‘वेळ आली’ असें केव्हां समजतो? २००४ सालीं असें दिसून आलें कीं, जंतूच्या डी.एन.ए.ला इजा झाली, म्हणजे तो शेजाऱ्याकडे धांव घेतो. आणि अशी इजा सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधानेंही होते. घरास आग लागली कीं दागिने शेजाऱ्याकडे फेंकावेत, तसेंच हें झालें. जें औषध जंतूस मारून टाकीत नाहीं, नुसतें दुखवितें, तें त्याच्या मालमत्तेचा प्रसारच करतें.

प्लेगचीं तीन कडीं

१८९६ सालीं मुंबईस व पुढच्या वर्षीं पुण्यास प्लेगनें जो हाहाकार उडविला तो महाराष्ट्र विसरलेला नाहीं. त्याच वेळीं हाफकिन ह्यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचें नांव चालवीत आहे. हा प्लेगचा जंतु म्हणजे पोटाच्या विकाराच्या एका सौम्य जंतूचा वंशज आहे. त्याजवळ तीन प्लाझ्मिडें असतात. त्यांपैकीं दोन त्या पूर्वजाजवळ नाहींत, तीं मागाहून मिळालेलीं आहेत. त्यांतील एकावर असें जनुक आहे कीं, ज्याच्यामुळें प्लेगचा जंतु पिसवेच्या पोटांत जिवंत राहूं शकतो. तें नसेल तर तो तेथें टिकाव धरीत नाहीं, आणि पिसवेच्या दंशानें रोग पसरणें कठीण होतें. सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींच्या माणसांच्या दांतांतून मिळालेल्या प्लेगच्या डी.एन.ए.ची तपासणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. त्या प्राचीन जंतूंत हें जनुक नव्हतें. एका लहानशा कड्यावरील एका जनुकानें उंदीर, पिसू व मनुष्य ह्यांची ती भयंकर सांखळी जोडून दिली.

हें कडें मिळविण्याचें काम संपलेलें नाहीं. १९९५ सालीं मादागास्कर बेटांत एका रोग्याच्या शरीरांतून निघालेल्या प्लेगच्या जंतूजवळ स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल इत्यादि औषधांना न जुमानणारें प्लाझ्मिड सांपडलें. सुदैवानें तसे जंतु तेव्हां फैलावले नाहींत.

दोन हैदराबादांची गोष्ट

आतां ज्या विषमज्वरापासून आपण आरंभ केला त्याकडे वळूं. २०१६ च्या नोव्हेंबरपासून सिंधमधील हैदराबाद शहरांत विषमज्वराची एक सांथ सुरू झाली. ह्या जंतूवर क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, सल्फाचें जोडऔषध, सिप्रोफ्लॉक्सासिन व शिरेंतून देण्याचें सेफ्ट्रिॲक्सोन, ह्यांपैकीं कांहींच चालेना. पोटांत घेण्याच्या औषधांपैकीं अझिथ्रोमायसिन तेवढें उरलें. जंतूचें डी.एन.ए. वाचून पाहतां त्याचा जमाखर्च स्पष्ट झाला. जुन्या औषधांविरुद्धचीं जनुकें पूर्वीं उडी मारून गुणसूत्रांतच कायमचीं बसलेलीं होतीं, म्हणजे जंगमाचें स्थावर झालेलें होतें. आणि नव्या औषधांविरुद्धचीं जनुकें एका प्लाझ्मिडवर होतीं. तसलें प्लाझ्मिड ई. कोलाय जंतूंत आढळतें. आंतड्यांतील गरीब शेजाऱ्याकडून हा खजिना आलेला असावा.

ह्या संकटावर उपाय सांपडला तो दुसऱ्या हैदराबादेंत. दक्षिणेंतील हैदराबाद येथें तयार झालेली विषमज्वराची नवी लस सिंधमधील मुलांस टोंचण्यांत आली. आणि २०१९ सालीं पाकिस्ताननें ती मुलांच्या नेहमींच्या लसींत सामील केली. असें करणारा तो पहिला देश होय. हें उदाहरण मुद्दाम दिलें आहे. औषधाविरुद्धचें जनुक लसीपुढें निरुपयोगी ठरतें. कारण लस जंतूस औषधानें मारीत नाहीं, ती आपल्याच शरीराचे पहारेकरी जागे करते.

आपलें कर्तव्य

हें सर्व वाचून कोणी निराश होऊं नये. परंतु बेफिकीरही राहूं नये. औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंमुळें २०१९ ह्या एका वर्षांत जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. प्रत्येक जंगम तुकडा वागविण्यासाठीं जंतूस थोडेंफार श्रम पडतात. औषधाचा मारा चालू असेल तर तो बोजा त्यास परवडतो. मारा थांबला कीं बोजा न वागविणारे जंतु पुष्कळदां पुढें सरसावतात. ह्याचें एक प्रत्यक्ष उदाहरण आहे. कोलिस्टिन हें शेवटच्या आशेचें औषध. तें डुकरांना लवकर पुष्ट करण्यासाठीं चीनमध्यें चाऱ्यांतून दिलें जाई. २०१५ सालीं तेथें त्या औषधास निष्फळ करणारें जनुक प्लाझ्मिडवर सांपडलें. २०१७ सालीं चीननें तो वापर बंद केला, आणि पुढील तपासणींत तें जनुक पुष्कळ कमी झालेलें दिसलें. आपल्या देशानेंही २०१९ सालीं खाण्यासाठीं पाळलेल्या जनावरांना व कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यास बंदी केली. म्हणजे संयमाचें फळ मिळतें.

मग घरच्या घरीं काय करावें? सर्दी-पडसें व साधा खोकला हे बहुधा विषाणूंमुळें होतात; त्यांवर जंतुनाशक औषधाचा कांहीं उपयोग नसतो, मात्र पोटांतील बिचाऱ्या निरुपद्रवी जंतूंना तें हत्यारबंद करतें. म्हणून वैद्यानें लिहून दिल्यावांचून असें औषध घेऊं नये. २०१६ पासून सरकारनें लोकांस अशी ओळख करून दिली आहे कीं, ज्या औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते तें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यावयाचें नाहीं. औषध घेतलें तर सांगितलेल्या मात्रेंत व सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावें. गेल्या वर्षींच्या आजारांतल्या उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या मुलास देणें ही परोपकाराची चुकीची कल्पना होय.

ह्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे स्वच्छ पाणी, साबणानें धुतलेले हात, झांकलेलें अन्न व वेळेवर घेतलेल्या लसी. जो जंतु पोटांत गेलाच नाहीं, त्याच्याजवळ कोणतें जनुक आहे ह्याची पंचाईत करावी लागत नाहीं. आणि पटकी झालीच, तर मीठ-साखरेचें पाणी विसरूं नये. १९७१ सालीं बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं हें साधें पाणी पाजून मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीसवरून चारच्याही खालीं आणलें. क्षार व साखर ह्यांच्या त्या द्रावणाविरुद्ध कोणत्याही जंतूजवळ जनुक नाहीं. कारण तें जंतूशीं लढतच नाहीं, तें गेलेलें पाणी भरून काढतें.

त्या माउलीस आतां मी असें उत्तर देईन: “बाई, औषध खरें होतें. पण तुमच्या मुलाच्या आजोबांच्या पिढीपासून आपण सर्वांनीं तें कारणीं, विनाकारणीं इतकें वापरलें कीं, जंतूंनीं त्यावरचा तोड मिळविला आणि एकमेकांस वांटून दिला. तुमचा मुलगा वांचला, कारण तिसरें औषध अजून शाबूत होतें.” तें तसेंच शाबूत राखून पुढच्या पिढीच्या हातीं देणें, हें आपणां सर्वांचें काम आहे. जंतु आपली मालमत्ता शेजाऱ्यास न मागतां देतात. आपल्याजवळ त्यांच्याहून मोठी एक जंगम मालमत्ता आहे, ती म्हणजे ज्ञान. तीही दिल्यानें कमी होत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, ह्या लेखांत जें वाचलें तें आज घरीं जाऊन आई-वडिलांस सांगा, आणि कपाटांतल्या जुन्या गोळ्यांचें पाकीट काढून त्यावर लाल रेघ आहे कीं नाहीं तें त्यांना दाखवा.